क्लाउडवरील वेब ॲप्लिकेशनमध्ये फोटो गायब होणे, उशिरा दिसणे आणि बिल वाढणे: कारण शोधण्याचा क्रम

लक्षणे

सकाळी अपलोड केलेला फोटो संध्याकाळपर्यंत व्यवस्थित दिसतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी तुटलेल्या चित्राचे चिन्ह येते. जुने, लहान फोटो अपलोड होतात, पण फोनवर नुकताच काढलेला फोटो निवडला की अपलोड अडते. फोटोची लिंक उघडली तर चित्र दिसण्याऐवजी फाइल डाउनलोड होते. फोनमध्ये उभा दिसणारा फोटो संकेतस्थळावर आडवा पडतो. यादीचे पान मोबाइल डेटावर उघडायला फार वेळ लागतो आणि वाचत असताना मजकूर खाली सरकत राहतो. अनेक जण एकाच वेळी फोटो चढवू लागले की ॲप्लिकेशन बंद पडून पुन्हा सुरू होते. काही ठिकाणी यातले काहीच दिसत नाही, फक्त वापरकर्ते तेवढेच असताना महिन्याचे बिल चढत जाते.

घरगुती निवासांची नोंदणी, साड्यांची विक्री, जुन्या वाहनांच्या जाहिराती, मंगल कार्यालयांचे आरक्षण अशा लहान ॲप्लिकेशनमधून हा बिघाड माझ्याकडे वारंवार दुरुस्तीला येतो. प्रत्येक वेळी तक्रार वेगळी असली तरी मूळ बहुधा एकच निघते: वापरकर्त्याने दिलेला मूळ फोटो, वाचकाला पाठवायचा फोटो आणि पानाचा मजकूर तयार करणारा सर्व्हर या तीन गोष्टी वेगळ्या न ठेवता एकाच जागी कोंबलेल्या असतात. तरीही सगळी रचना बदलायला घेण्याआधी बिघाड नेमका कोणत्या टप्प्यावर होतो ते ठरवणे आवश्यक आहे, कारण वर दिलेल्या लक्षणांपैकी निम्मी लक्षणे एखादी सेटिंग बदलून दूर होतात. खालील उदाहरणे ॲमेझॉनच्या एस३ साठवणुकीची आणि क्लाउडफ्रंटची (फायलींच्या प्रती वाचकाच्या जवळच्या सर्व्हरवर ठेवून पाठवणारी सेवा) आहेत. गूगल क्लाउड स्टोरेज किंवा ॲझ्युअर ब्लॉब वापरणाऱ्यांसाठी सेटिंगची नावे बदलतील, तपासण्यांचा क्रम बदलणार नाही.

पहिली तपासणी: ब्राउझर काय सांगतो

ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील नेटवर्क टॅब उघडावा, कॅशे (आधी उतरवलेल्या फायलींचा ब्राउझरमधील साठा) बंद करण्याच्या चौकटीत खूण करावी, पान पुन्हा लोड करावे आणि न दिसणाऱ्या फोटोच्या ओळीवर क्लिक करावे. याला खर्च काहीच नाही आणि पुढची दिशा येथेच ठरते. स्टेटस कोड, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराचा आकडा, ४०४ आला तर त्या पत्त्यावर फाइल नाही. ४१३ अपलोडच्या वेळी आले तर फाइल कुठल्या तरी मर्यादेपेक्षा मोठी आहे. ५०० च्या घरातला कोड आला तर दोष आपल्या सर्व्हरमध्ये किंवा त्याच्या पुढे उभ्या असलेल्या यंत्रणेत आहे.

४०३ मात्र फसवे आहे. एस३ मध्ये फाइल अस्तित्वातच नसेल आणि विचारणाऱ्याला बकेटमधील (बकेट म्हणजे एस३ मधील फायली ठेवण्याची जागा) फायलींची यादी पाहण्याची परवानगी नसेल, तर उत्तर ४०४ न येता ४०३ येते. ते पाहून लोक परवानग्या सैल करत जातात, शेवटी पूर्ण बकेट सर्वांसाठी खुली करतात, आणि फोटो तरीही दिसत नाही, कारण तो तिथे नसतोच. म्हणून ४०३ दिसले की परवानग्यांना हात लावण्याआधी क्लाउडच्या कन्सोलमध्ये जाऊन त्या नावाची फाइल खरोखर आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. नावातील लहान-मोठी रोमन अक्षरेही तपासावीत, कारण विंडोजवर चालणारे नाव लिनक्सवर किंवा एस३ मध्ये वेगळे मानले जाते.

कधीकधी २०० येते, म्हणजे सर्व काही ठीक असल्याचे दिसते, पण उत्तराचा प्रकार एचटीएमएल असतो. एकपानी ॲप्लिकेशनमध्ये न सापडलेल्या प्रत्येक पत्त्याला मुख्य पान पाठवण्याचा नियम असतो आणि फोटोच्या पत्त्यालाही तोच लागू होतो. पान एचटीटीपीएसवर आणि फोटोचा पत्ता साध्या एचटीटीपीवर असला तरीही अडचण येते, आणि त्याची सूचना कन्सोल टॅबमध्ये मिळते.

दुसरी तपासणी: हेडर

त्याच ओळीवरील रिस्पॉन्स हेडरमध्ये (फायलीसोबत सर्व्हर पाठवतो ती माहिती) दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली कंटेंट-टाइप, म्हणजे फायलीचा प्रकार. अपलोड करताना ती सांगितली नसेल, तर एस३ फाइलला सामान्य बायनरी प्रकार चिकटवते, आणि लिंक उघडल्यावर फोटो डाउनलोड होण्याचे कारण बहुतेकदा हेच असते. येथून पुढच्या अपलोडसाठी कोडमध्ये योग्य प्रकार द्यावा. जुन्या फायलींचा मेटाडेटा (फायलीसोबत साठवलेली माहिती) जागेवर बदलत नाही, त्यासाठी प्रत्येक फाइल त्याच नावावर नव्या मेटाडेटासह पुन्हा कॉपी करावी लागते.

दुसरी कॅशे-कंट्रोल. ते नसेल तर फोटो किती काळ जपायचा हे ब्राउझर स्वतःच्या अंदाजाने ठरवतो आणि पुष्कळदा तोच फोटो पुन्हा मागतो. ज्या फायलीचा मजकूर कधीच बदलणार नाही तिला एका वर्षाची मुदत, म्हणजे ३१५३६००० सेकंद, आणि सोबत 'इम्म्युटेबल' हा शब्द द्यावा. येथे एक अट आहे आणि ती पाळली नाही तर नवी तक्रार जन्माला येते: फोटो बदलला की फायलीचे नावही बदलले पाहिजे. त्याच नावावर नवा फोटो चढवला तर ज्या वाचकांच्या ब्राउझरमध्ये जुना साठला आहे त्यांना वर्षभर जुनाच दिसू शकतो, आणि त्यांच्या फोनमधील कॅशे तुम्हाला दुरून पुसता येत नाही.

तिसरी तपासणी: फोटो नेमका कुठे साठतो

फोटो काही तासांनी किंवा नवा कोड चढवल्यावर गायब होत असतील, तर अपलोडचा कोड उघडून फाइल कोणत्या मार्गावर लिहिली जाते ते वाचावे. 'अपलोड्स' किंवा 'मीडिया' नावाच्या स्थानिक फोल्डरमध्ये लिहिली जात असेल तर कारण सापडले. स्वतःच्या संगणकावर ते फोल्डर कायम राहते. क्लाउडवरील कंटेनरची, म्हणजे ॲप्लिकेशन ज्या बंदिस्त जागेत चालते तिची, डिस्क मात्र तात्पुरती असते. हेरोकू या क्लाउड सेवेवर प्रत्येक डायनो (तिथला कंटेनर) दिवसातून किमान एकदा पुन्हा सुरू होतो आणि त्यात लिहिलेल्या फायली जातात. गूगल क्लाउड रनमध्ये मुळात फाइल लिहिली की ती त्या इन्स्टन्सची (ॲप्लिकेशनच्या चालू प्रतीची) मेमरी खाते, आणि इन्स्टन्स बंद झाला की फाइलही संपते.

याच दोषाचे दुसरे रूप अधिक गोंधळात टाकते. ॲप्लिकेशनचे दोन इन्स्टन्स चालू असतील तर फोटो त्यांपैकी एकाच्याच डिस्कवर असतो. पान रिफ्रेश करत गेले की एकदा फोटो दिसतो आणि एकदा दिसत नाही. असे आलटून पालटून होत असेल तर नेटवर्कला दोष देऊ नये.

येथे वरवरची मलमपट्टी चालत नाही. फोटो ऑब्जेक्ट स्टोरेजमध्येच, म्हणजे एस३ सारख्या साठवणुकीतच, गेले पाहिजेत. डेटाबेसमध्ये फोटोचे बाइट ठेवण्याचा मार्ग काही जण निवडतात. तो चालतो, पण प्रत्येक बॅकअप त्या फोटोंच्या वजनाने फुगतो, परत मिळवण्याचा वेळ वाढतो, आणि डेटाबेसमधील एक जीबी जागा ऑब्जेक्ट स्टोरेजमधील एक जीबीपेक्षा महाग पडते. डेटाबेसमध्ये फक्त फायलीची की, म्हणजे बकेटमधील तिचे नाव, आणि रुंदी-उंची ठेवावी. जे फोटो डिस्कवरून पुसले गेले आहेत ते परत येणार नाहीत, हे ग्राहकाला त्याच दिवशी स्पष्ट सांगावे, म्हणजे मूळ प्रती लोकांच्या फोनमध्ये असेपर्यंत त्या पुन्हा मागवता येतील.

चौथी तपासणी: अपलोडच्या मर्यादा

एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये विनंतीच्या आकाराची मूळ मर्यादा १ एमबी आहे. पीएचपीमध्ये एका फायलीची मूळ मर्यादा २ एमबी आणि संपूर्ण विनंतीची ८ एमबी आहे. ॲमेझॉनच्या एपीआय गेटवेतून (बाहेरून येणाऱ्या विनंत्या घेणारी सेवा) १० एमबीपेक्षा मोठी विनंती जात नाही, आणि लॅम्डा (स्वतः सर्व्हर न सांभाळता कोड चालवण्याची सेवा) थेट बोलावल्यास ६ एमबीच्या पुढे घेत नाही. १२ मेगापिक्सेलचा फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो, म्हणून चाचणीत लहान चित्र वापरणाऱ्याला ही अडचण दिसत नाही आणि ग्राहकाला पहिल्याच दिवशी दिसते. मार्गातील प्रत्येक थराची मर्यादा वेगळी असल्याने एकच आकडा वाढवून थांबू नये. गेटवे आणि लॅम्डाचे आकडे मात्र मनासारखे वाढवता येत नाहीत. तिथे ब्राउझरने फोटो आधी लहान करून पाठवावा किंवा स्वाक्षरी केलेली लिंक (ठरावीक मुदतीपुरती परवानगी असलेला पत्ता) देऊन तो थेट बकेटमध्ये चढवू द्यावा. दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण फोटोचे बाइट सर्व्हरमधून जातच नाहीत.

जुन्या लेखांमधील कोड उतरवून घेतला असेल तर आणखी एक अडथळा येतो. एप्रिल २०२३ पासून एस३ मधील नव्या बकेटवर सार्वजनिक प्रवेश मुळातच रोखलेला असतो आणि एसीएल (प्रत्येक फायलीच्या परवानग्यांची यादी) बंद असते. त्यामुळे 'पब्लिक-रीड' मागणारा कोड एसीएलला परवानगी नसल्याची चूक देतो. ही रोख उठवू नये, कोडमधील ती ओळ काढावी.

पाचवी तपासणी: मराठी नावाच्या फायली

या तपासणीकडे इतरत्र कोणी लक्ष देत नाही, पण आपल्याकडे ती हमखास लागते. वापरकर्ता 'दुसऱ्या मजल्यावरील खोली' अशा नावाची फाइल चढवतो आणि कोड तेच नाव की म्हणून वापरतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, ३ बाइट घेते. लिनक्सच्या सामान्य फाइल-प्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे ८५ चिन्हे झाली की नाव संपले. वेब पत्त्यात तेच चिन्ह टक्के-चिन्हांसह ९ अक्षरांचे होते, आणि एखाद्या टप्प्यावर ते दोनदा एन्कोड झाले की पत्ता चुकतो.

त्याहून कठीण गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. 'दुसऱ्या'मधील ऱ्य हे जोडाक्षर एका कीबोर्डवर ऱ या स्वतंत्र चिन्हापासून तयार होते आणि दुसऱ्या कीबोर्डवर साधा र, हलन्त व न दिसणारे जोडचिन्ह यांपासून. 'ॲप'मधील ॲ हे एक चिन्हही असू शकते किंवा अ आणि अर्धचंद्र अशी दोन चिन्हेही. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, ऑब्जेक्ट स्टोरेज मात्र बाइट पाहते आणि त्यांना दोन वेगळी नावे समजते. युनिकोडचे सामान्यीकरण (समान रूपे एकाच रूपात आणण्याची पद्धत) लावूनही ही दोन उदाहरणे एक होत नाहीत. म्हणून वापरकर्त्याचे नाव की म्हणून कधीच वापरू नये. अपलोडच्या वेळी यूयूआयडी (आपोआप बनणारा, पुन्हा न येणारा क्रमांक) किंवा फायलीच्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) तयार करून तोच की म्हणून ठेवावा. हॅश ठेवला तर फोटो बदलला की नाव आपोआप बदलते आणि एका वर्षाच्या कॅशेची वर सांगितलेली अटही पूर्ण होते. मराठी नाव डेटाबेसमध्ये ठेवावे आणि डाउनलोड करताना कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमधून परत द्यावे.

सहावी तपासणी: स्वाक्षरी केलेल्या लिंक

फोटो अपलोडनंतर नीट दिसतो, मग सगळे जुने फोटो एकेक करून ४०३ देऊ लागतात, असे होत असेल तर डेटाबेसमधील नोंद पाहावी. तिथे प्रश्नचिन्हानंतर लांबलचक स्वाक्षरी आणि मुदत असलेला पूर्ण पत्ता साठवलेला असेल, तर तो संपणारच आहे. एस३ च्या सध्याच्या स्वाक्षरी-पद्धतीत लिंक जास्तीत जास्त ७ दिवस चालते. सर्व्हर तात्पुरत्या ओळखपत्रांवर (क्लाउडमध्ये प्रवेश देणाऱ्या क्रेडेन्शियल्सवर) चालत असेल, आणि क्लाउडमध्ये तो तसाच चालावा, तर ती ओळखपत्रे संपताच लिंकही संपते, मग तुम्ही ७ दिवस लिहिलेले असले तरी. डेटाबेसमध्ये फक्त की ठेवावी आणि लिंक पान तयार करताना बनवावी.

पण प्रत्येक वेळी नवी लिंक बनवली की दुसरा त्रास सुरू होतो. स्वाक्षरी बदलली म्हणजे पत्ता बदलला, आणि पत्ता बदलला म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने तो नवा फोटो. तेच पान दहा वेळा उघडणारा ग्राहक तेच फोटो दहा वेळा उतरवतो. माझ्या मते विक्रीच्या वस्तूंचे, खोल्यांचे, कार्यक्रमांचे फोटो मुळात सर्वांसाठीच असतात आणि त्यांना स्वाक्षरीची गरज नसते. ते क्लाउडफ्रंटमागे, कायम पत्त्यावर ठेवावेत. ओळखपत्रे, करारनामे यांच्या प्रती वेगळ्या, बंद बकेटमध्ये असाव्यात आणि स्वाक्षरी केवळ त्यांच्यासाठी वापरावी.

सातवी तपासणी: आकार, दिशा आणि स्वरूप

नेटवर्क टॅबमधील फोटोचा आकार आणि पानावरची त्याची प्रत्यक्ष रुंदी यांची तुलना करावी. यादीत ३०० पिक्सेल रुंद दिसणाऱ्या चौकटीत ४००० पिक्सेल रुंद मूळ फोटो येत असेल, तर ४ एमबीचे असे २० फोटो मिळून ८० एमबी होतात. त्याच फोटोंच्या ६४० पिक्सेल रुंदीच्या प्रती साधारण ६० केबीच्या धरल्या तर सगळे मिळून १.२ एमबीत बसतात. पान वेगवान करण्याच्या इतर कोणत्याही उपायात एवढा फरक पडत नाही, म्हणून आधी हेच करावे. ३२०, ६४० आणि १२८० पिक्सेल रुंदीच्या प्रती तयार करून इमेज टॅगमध्ये 'सोर्ससेट' आणि 'साइजेस' द्यावेत, म्हणजे ब्राउझर योग्य रुंदीची प्रत निवडतो. टॅगमध्ये रुंदी आणि उंची लिहिली की मजकूर सरकणे थांबते. खालचे फोटो 'लेझी', म्हणजे वाचक तिथे पोहोचू लागल्यावरच उतरणारे, ठेवावेत, पण पानाच्या माथ्यावरील मुख्य फोटो कधीही लेझी ठेवू नये, कारण तोच सर्वांत आधी दिसायला हवा.

वेबपी हे स्वरूप सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये २०२० पासून चालते, त्यामुळे लहान प्रती त्यातच बनवाव्यात. एव्हिफ आणखी लहान होते, पण ते तयार करायला प्रोसेसरचा वेळ जास्त लागतो. छोट्या सर्व्हरवर तो मोह टाळावा.

आडव्या पडणाऱ्या फोटोचे कारण एक्झिफमध्ये (कॅमेऱ्याने फोटोसोबत साठवलेल्या माहितीत) असते. फोन पुष्कळदा फोटो सेन्सरच्या दिशेनेच साठवतो आणि तो कसा वळवून दाखवायचा याची खूण एक्झिफमध्ये १ ते ८ पैकी एका आकड्याने ठेवतो. लहान प्रत करताना तो मेटाडेटा गळला की खूण जाते. म्हणून आधी खुणेप्रमाणे फोटो प्रत्यक्ष वळवावा आणि मग मेटाडेटा काढावा. मेटाडेटा काढणे आवश्यकच आहे, कारण त्यात फोटो काढल्याचे ठिकाण अक्षांश-रेखांशासह असू शकते, आणि घरी बसून विक्रीचे फोटो काढणाऱ्या बाईंच्या घराचा पत्ता अशा वाटेने जगजाहीर होतो. आयफोनवरील हेइक स्वरूपातील फोटो क्रोम आणि फायरफॉक्समध्ये दिसत नाहीत. अपलोडच्या वेळीच त्यांचे रूपांतर करावे.

आठवी तपासणी: मेमरी

जेपेगची फाइल ४ एमबीची असली तरी उघडल्यावर ती तेवढी राहत नाही. ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे ४८ एमबी. दहा जणांनी एकाच वेळी फोटो चढवले तर ४८० एमबी, आणि ५१२ एमबीचा इन्स्टन्स तिथेच कोसळतो. १०८ मेगापिक्सेलच्या फोनमधील पूर्ण आकाराचा एकच फोटो ४३२ एमबी मागतो. ॲप्लिकेशन कोसळण्याच्या वेळा आणि अपलोडच्या वेळा लॉगमध्ये शेजारी ठेवून पाहिल्या की संबंध लगेच उघड होतो.

मेमरी वाढवून हा प्रश्न थोडे दिवस पुढे ढकलला जातो. उघडण्याआधी फोटोची रुंदी-उंची वाचून कमाल मर्यादेपेक्षा मोठा फोटो नाकारावा, लिबव्हिप्ससारखी तुकड्यातुकड्याने काम करणारी लायब्ररी वापरावी, आणि लहान प्रती बनवण्याचे काम विनंतीच्या आत न करता रांगेत टाकून एका वेळी एक-दोनच फोटो हाताळावेत. या बदलाला कोडमध्ये खरे काम पडते, म्हणून तो क्रमाने उशिरा घेतला आहे.

नववी तपासणी: बिल

प्रथम बिलातील कोणती ओळ वाढली ते पाहावे. बाहेर जाणारा डेटा वाढला असेल तर उत्तर दुसऱ्या, सहाव्या आणि सातव्या तपासणीत आहे. त्यानंतर बकेटसमोर क्लाउडफ्रंट ठेवावे. एस३ मधून क्लाउडफ्रंटकडे जाणाऱ्या डेटाला वेगळे शुल्क नाही.

साठवणूक वाढली असेल तर तीन जागा शोधाव्यात. बकेटवर व्हर्जनिंग चालू असल्यास फाइल पुसल्यावरही जुनी आवृत्ती राहते आणि तिचे पैसे लागत राहतात. अर्धवट राहिलेले अनेक-तुकड्यांचे अपलोड यादीत दिसत नाहीत, पण बिलात असतात. आणि जाहिरात पुसली तरी तिचे फोटो पुसायचे राहून गेलेले असतात. पहिल्या दोघांसाठी लाइफसायकल नियम (ठरलेल्या मुदतीनंतर फायली आपोआप पुसणारे) लावावेत. तिसऱ्यासाठी डेटाबेस आणि बकेट यांची यादी जुळवून पाहावी लागते, आणि जुळवणी करताना पहिल्या फेरीत काहीही न पुसता फक्त यादी छापावी.

पैसे वाचवण्यासाठी सगळे फोटो कमी वापराच्या फायलींसाठीच्या साठवण-वर्गात टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मूळ फोटोंसाठी तो योग्य आहे. लहान प्रतींसाठी नाही, कारण एस३ च्या त्या वर्गात १२८ केबीपेक्षा लहान फाइलही १२८ केबीची धरली जाते, किमान ३० दिवसांचे शुल्क लागते आणि वाचण्याचे पैसे वेगळे.

कुठे थांबावे

पुढील स्थितीत स्वतः प्रयोग करू नयेत. बकेटमध्ये आधार, पॅन किंवा वैद्यकीय कागदपत्रे होती आणि ती सर्वांसाठी खुली राहिली असे आढळले तर प्रवेश ताबडतोब बंद करावा, लॉग जसेच्या तसे जपावेत आणि त्याच तासात माहिती-सुरक्षेच्या जाणकारास व वकिलास बोलवावे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार अशा घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जबाबदारी ॲप्लिकेशन चालवणाऱ्यावर ठेवली आहे. प्रवेश-की (क्लाउड खाते वापरू देणारी गुप्त किल्ली) सार्वजनिक कोडमध्ये गेली असेल तर ती रद्द करणे एवढेच स्वतः करावे. नंतर ती कुठे वापरली गेली याचा शोध अनुभवी माणसाकडून घ्यावा. बिल एका रात्रीत अनेक पटींनी वाढले असेल तर क्लाउड कंपनीच्या मदत केंद्राकडे त्याच दिवशी लेखी तक्रार नोंदवावी.

चालू ॲप्लिकेशनमधील हजारो फोटो डिस्कवरून किंवा डेटाबेसमधून बकेटमध्ये हलवायचे असतील आणि त्यांचा बॅकअप परत मिळवून पाहिलेला नसेल, तरीही हात लावू नये. हे काम जाणकाराकडे देताना नेटवर्क टॅबमधील स्टेटस कोड व हेडर यांची चित्रे, एका बिघडलेल्या आणि एका चालू फोटोची की, बिलाच्या गेल्या तीन महिन्यांच्या प्रती आणि ॲप्लिकेशन कोसळल्याच्या वेळांचा लॉग सोबत द्यावा, आणि क्लाउडचा मूळ पासवर्ड न देता त्या कामापुरती परवानगी असलेले वेगळे खाते उघडून द्यावे.